देव जागा व्यापतो का? सतराव्या शतकातल्या एका वादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देकार्त, स्पिनोझा, न्यूटन, लाइबनिझ ही नावं पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत येतात. प्रत्यक्षात ही माणसं एकमेकांशी किंवा एकमेकांच्या पुस्तकांशी भांडत होती. भांडणाचं एक मोठं कारण असं: जडाला लांबी, रुंदी, खोली असते, तशी देवालाही असते का? ऐकायला पोरकट वाटतं, पण त्या काळच्या उत्तमोत्तम डोक्यांनी यावर आयुष्यं घालवली. तत्त्वज्ञान शिकणारे आणि नुसत्या कुतूहलाने वाचणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत.

"देव सगळीकडे आहे" एवढं म्हटलं तर पुरत नाही का?

पुढचा प्रश्न कोणी विचारेपर्यंत पुरतं. हिरण्यकशिपूने तो विचारला, "या खांबात आहे का?", आणि पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. युरोपातही चर्चची शिकवण होती की देव सर्वत्र आहे, पण त्याला शरीर नाही. हे दोन्ही एकत्र कसं बसवायचं यावर मध्ययुगात एक तोडगा रुळला होता: देव सगळ्या जगात सगळा आहे आणि जगाच्या प्रत्येक कणातही सगळाच आहे. आत्माही तसाच, पूर्ण देहात पूर्ण आणि करंगळीतही पूर्ण.

सतराव्या शतकात हा तोडगा उसवला, कारण जड म्हणजे काय याची व्याख्याच बदलली. देकार्त म्हणाला, जड म्हणजे विस्तार, बाकी काही नाही. मग ज्याला विस्तार ते जड. देव सर्वत्र आहे म्हणावं तर त्याला विस्तार आला, आणि विस्तार आला की तो जड झाला. विस्तार नाही म्हणावं तर तो कुठेच नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

खाली येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस या कोंडीतून आपली वेगळी वाट काढतो. ती ओळखायची एक खूण आधीच सांगून ठेवतो. प्रत्येकाला विचारा, "विस्ताराचे तुकडे पडतात का?" याचं उत्तर मिळालं की त्याचा देव कसा असणार हे निम्मं कळलं.

'विस्तार', 'द्रव्य', 'जड' हे शब्द इथे कोणत्या अर्थाने घ्यायचे?

मराठी वाचकाला पहिली ठेच इथेच लागते. विस्तार म्हटलं की मंत्रिमंडळाचा विस्तार आठवतो. इथे वाढण्याशी काही संबंध नाही. लांबी-रुंदी-खोली असणं, जागा व्यापून असणं, एवढाच अर्थ. 'द्रव्य' तर तीन घरचा पाहुणा. शाळेच्या विज्ञानात ते स्थायू, द्रव, वायू अशा अवस्थांत असतं, जुन्या मराठीत त्याचा अर्थ पैसा, आणि तत्त्वज्ञानात द्रव्य म्हणजे जे स्वतःच्या पायावर उभं असतं आणि ज्याच्या आधाराने गुण राहतात ते. इथे फक्त हा तिसरा अर्थ. शाळेतल्या द्रव्याला मी 'जड' म्हणतो, जड-चेतन या जोडीतलं जड. त्याचा वजनाशी संबंध नाही. 'अवकाश' म्हणजे मोकळी जागा.

देकार्तने जड म्हणजे विस्तार हे ठरवलं कशावरून?

सगळ्यांना आठवतो तो १६४१च्या 'मेडिटेशन्स'मधला मेणाचा तुकडा. पोळ्यातून नुकतंच काढलेलं मेण आहे. मधाची चव अजून पुरती गेलेली नाही, फुलांचा वास थोडा रेंगाळतोय, हाताला गार आणि घट्ट लागतंय, बोटाने ठोकलं तर आवाज येतो. ते विस्तवाजवळ नेलं. चव गेली, वास उडाला, रंग पालटला, आकार मोडला. पातळ झालं, हात लावला तर चटका बसतो, आणि ठोकून आवाज काढायची तर सोयच राहिली नाही. तरी मेण तेच आहे, हे कोणीही मान्य करेल. मग 'तेच' म्हणजे काय? इंद्रियांनी जे जे सांगितलं ते सगळं बदललं. उरलं ते काहीतरी पसरलेलं, वाकणारं, बदलू शकणारं.

एक सावधगिरी. मेणाचा उतारा मुळात मनाबद्दल आहे. वस्तू आपल्याला डोळ्यांपेक्षा बुद्धीने कळते हे तिथे दाखवायचं होतं. जडाची रीतसर व्याख्या १६४४च्या 'तत्त्वज्ञानाची मूलतत्त्वे' या लॅटिन ग्रंथात येते. तिथे तो दगड घेतो. दगडाचं पीठ केलं की कठीणपणा जातो, पारदर्शक दगडही असतात म्हणून रंग अत्यावश्यक नाही, अग्नीला वजन जाणवत नाही तरी तो पदार्थच, म्हणून वजनही वगळा. एकेक करत सगळं सोलून काढल्यावर हातात लांबी, रुंदी, खोली एवढंच उरतं.

म्हणजे रिकामी जागा असूच शकत नाही?

देकार्तच्या मते नाही. आपण रिकामी घागर म्हणतो तेव्हा तिच्यात पाणी नाही एवढंच म्हणत असतो, हवा असतेच. आता समजा, देवाने घागरीच्या आतलं सगळं काढून टाकलं आणि त्या जागी दुसरं काही येऊ दिलं नाही, तर काय होईल? देकार्तचं उत्तर बेधडक आहे: घागरीच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतील. मधे काहीच नाही म्हणजे मधे अंतरही नाही. अंतर हा विस्तार आहे, आणि 'काही नाही'ला विस्तार कसा असेल?

गंमत अशी की याच १६४४ साली इटलीत तोरिचेल्लीने पाऱ्याच्या नळीचा प्रयोग पत्रातून कळवला. पारा सुमारे ७६ सेंटीमीटरवर थांबतो आणि वर नळीत मोकळी जागा दिसते. १६४८च्या सप्टेंबरमध्ये पास्कालच्या मेहुण्याने तीच नळी प्यू द दोम या डोंगरावर नेली, तर पारा आणखी खाली उतरला. देकार्त याने डगमगला नाही. नळीच्या वरच्या भागात काचेतूनही आरपार जाणारं अतिसूक्ष्म जड आहे, असं त्याचं म्हणणं.

ही घागर लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

मग देकार्तचा देव कुठे राहतो?

तो कुठे 'राहत' नाही. 'मूलतत्त्वे'च्या पहिल्याच भागात तो सांगतो की देवाला शरीर नाही, आणि कारण दोन वाक्यांत संपवतो: विस्तार असला की भाग पडू शकतात, भाग पडू शकणं ही उणीव आहे, आणि देवात उणीव नाही. जगाला तो 'अनंत'ही म्हणू देत नाही. जगाची सीमा आपल्याला कल्पिता येत नाही, म्हणून 'अमर्याद' म्हणा. 'अनंत' हा शब्द फक्त देवासाठी राखून ठेवा.

तरी हाच देव जडात गती घालतो, गतीचं एकूण प्रमाण कायम ठेवतो, आणि जग क्षणाक्षणाला धरून ठेवतो. स्वतः कुठेच नसताना तो हे करतो तरी कसा? हे विचारायला केंब्रिजहून एक पत्र आलं.

हेन्री मोर कोण? त्याचं नाव पाठ्यपुस्तकात का नसतं?

तो फार बोलका, भूतखेतांवर विश्वास ठेवणारा आणि चुकीच्या बाजूला उभा राहिलेला माणूस होता, म्हणून नसतं. माझ्या मते हा अन्याय आहे. या सगळ्या वादातला सर्वांत नेमका प्रश्न त्याने विचारला. (मोर हे आडनाव, पक्ष्याशी संबंध नाही.)

जन्म १६१४, मृत्यू १६८७, सारं आयुष्य केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात. देकार्तवर तो लट्टू होता. ११ डिसेंबर १६४८ला त्याने देकार्तला पहिलं पत्र लिहिलं. आधी भरपूर स्तुती, मग आक्षेप. पहिलाच आक्षेप असा: तुमची जडाची व्याख्या फार सैल आहे. विस्तार देवालाही आहे. तो सर्वत्र हजर आहे, आणि त्याने जडाला गती दिली असं तुम्हीच म्हणता. ज्याला स्पर्शच केला नाही त्याला ढकलता कसं येईल? देव आपल्या तऱ्हेने पसरलेला आहेच. मग जडाची ओळख विस्तारात शोधू नका, स्पर्शात किंवा अभेद्यतेत शोधा. दोन दगड एका जागी मावत नाहीत, हे जडाचं खरं लक्षण.

घागरीबद्दलही त्याने टोकलं. देवाची शक्ती जडाला हलवू शकते, तर घागरीच्या दोन भिंती एकमेकींपासून दूर धरून ठेवणं तिला काय कठीण?

देकार्तचं उत्तर ५ फेब्रुवारी १६४९चं. पसरलेली वस्तू म्हणजे जिची कल्पना करता येते, जिच्यात एका भागाबाहेर दुसरा भाग असतो, जिला ठरावीक आकार असतो. देवाबद्दल यातलं काही म्हणता येत नाही. देवाचा विस्तार म्हणायचाच तर तो शक्तीचा, द्रव्याचा नव्हे. राजाचा हुकूम कोकणपट्टीभर चालतो म्हणून राजा कोकणपट्टीएवढा लांब नसतो, असं आपण म्हणू (उदाहरण माझं, देकार्तचं नव्हे).

मोरला हे पटलं नाही. शक्ती ज्याची तो तिथे नाही आणि शक्ती मात्र तिथे आहे, हे कसं? इथे त्याने जी खेळी केली तिच्यासाठी मी त्याला मानतो. तो म्हणाला, विस्तार आणि तुकडे पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही त्यांची उगाच गाठ मारली. जडात शिरकाव होत नाही पण त्याचे तुकडे होतात. चैतन्याचं नेमकं उलट: ते सगळ्यातून आरपार जातं पण त्याचे तुकडे होत नाहीत. दोघांनाही विस्तार आहे.

१६७१च्या 'एन्किरिडियन मेटाफिजिकम'मध्ये मोर याहून पुढे गेला. जड नसलेला, अनंत, अचल अवकाश खरोखर आहे, असं सांगून त्याने देवाला शोभणारी सुमारे वीस विशेषणं त्या अवकाशाला लावून दाखवली: एक, अमिश्र, अचल, शाश्वत, स्वयंभू, अविनाशी, अपार, अनिर्मित, सर्वव्यापी... एखादी नामावली वाचतोय असं वाटतं. विरोधकांना त्याने दोन टोपणनावंही दिली. देव-आत्मे कुठेच नाहीत म्हणणारे देकार्तपंथी ते 'कुठेच-नाही-वाले', आणि प्रत्येक कणात सगळाच असं म्हणणारे जुने पंडित ते 'सगळ्यात-सगळा-वाले'.

आज ही पत्रं लोक वेगळ्याच कारणाने वाचतात: पशू म्हणजे निव्वळ यंत्रं, या देकार्तच्या मतावर मोर त्यांत चांगलाच चिडला आहे.

देवाला विस्तार दिला म्हणजे देव जडच झाला ना?

मोर नाही म्हणेल. इंग्लिश तत्त्वज्ञ हॉब्ज मात्र सरळ हो म्हणाला. शरीर नसलेलं द्रव्य हा शब्दप्रयोग त्याला 'गोल चौकोन' असल्यासारखा निरर्थक वाटे. १६६८च्या लॅटिन 'लेवायथन'च्या पुरवणीत त्याने देव हे शरीरच आहे असं मांडलं. अतिशुद्ध, अदृश्य, पण शरीर. लोकांनी त्याला नास्तिक म्हटलं, यात नवल नाही.

स्पिनोझाने नेमकं वेगळं काय केलं?

त्याने देकार्तची घागर देकार्तवरच उलटवली.

'एथिक्स' १६७७मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. दुसऱ्या भागाचं दुसरं विधान सांगतं की विस्तार हा देवाचा गुणधर्म आहे, अर्थात देव ही पसरलेली वस्तू आहे. पहिलं विधान विचाराबद्दल हेच सांगतं. द्रव्य एकच, अनंत, तोच देव किंवा निसर्ग. त्याच्या अनंत गुणधर्मांपैकी आपल्याला दोनच कळतात, विचार आणि विस्तार. आपण, झाडं, दगड, सगळे त्या एकाच द्रव्याचे पर्याय. पर्याय म्हणजे त्याची रूपं, त्याच्या अवस्था.

आता आपली खूण लावून पाहू. विस्ताराचे तुकडे पडतात, म्हणून देवाला विस्तार नाही, असं देकार्त म्हणाला होता. पहिल्या भागातल्या १५व्या विधानाखालच्या टिपणात स्पिनोझा यालाच भिडतो. जडाचे भाग खरोखरच एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर त्यातला एक भाग नष्ट झाला आणि बाकीचे जागच्या जागी राहिले, असं व्हायला काय हरकत आहे? मग मधे पोकळी राहील. पण पोकळी अशक्य आहे हे तर तुम्हीच शिकवलंत! सगळे भाग असे जुळून यावे लागतात की मधे फट पडू नये, म्हणजेच ते मुळात वेगळे नाहीतच. तेव्हा विस्तार हे द्रव्य म्हणून अखंड आहे.

मग आपण पाणी दोन पेल्यांत ओततो ते काय? स्पिनोझा म्हणतो, पाणी म्हणून त्याचे भाग पडतात, ते उत्पन्न होतं आणि नाहीसंही होतं. विस्तृत द्रव्य म्हणून ना त्याचे भाग पडतात, ना ते उत्पन्न होतं, ना नाहीसं होतं. कल्पनेने पाहाल तर तुकडे दिसतील. बुद्धीने पाहाल तर एकच.

मला हा सगळ्या ग्रंथातला सर्वांत देखणा युक्तिवाद वाटतो. मात्र तो पोकळी नाही या एका खांबावर उभा आहे. आणि एक गैरसमज टाळा: स्पिनोझाचा देव म्हणजे दगडधोंड्यांची बेरीज नव्हे. देवाला हात-पाय, आकार आहे असं मानणाऱ्यांची तो त्याच टिपणाच्या सुरुवातीला खिल्ली उडवतो.

हे आपलं अद्वैतच ना?

हा प्रश्न मराठी वाचकाकडून हमखास येतो. साम्य आहे: दुसरं काही नाही, एकच आहे. पण शांकर अद्वैतात अनेकपणा मिथ्या ठरतो, ब्रह्म निर्गुण असतं. स्पिनोझाकडे विस्तार हा भास नाही, तो देवाचं स्वरूपच व्यक्त करतो. आणि घडणारी प्रत्येक गोष्ट त्या स्वरूपातून भूमितीतल्या निष्कर्षासारखी अटळपणे निघते. इथे माया नाही, भूमिती आहे.

ही तुलना आजची नाही, हे मात्र कमी लोकांना माहीत असतं. फ्रांस्वा बर्निए हा फ्रेंच प्रवासी, गासँदीचा शिष्य. गासँदी म्हणजे अणू आणि पोकळी मानणारा, देकार्तचा प्रतिस्पर्धी. बर्निए औरंगजेबाच्या काळात दिल्लीत दानिशमंद खान या सरदाराच्या पदरी होता. त्याने खानासाठी गासँदी आणि देकार्त फारसीत उतरवले, असं तो स्वतः लिहितो. म्हणजे विस्तार आणि पोकळीचा हा वाद दिल्लीच्या एका दिवाणखान्यात फारसीतून झडला होता. पूर्वी दाराशुकोहकडे असलेला एक पंडितही त्याच खानाकडे होता. १६६७च्या एका पत्रात बर्निए हिंदुस्थानातल्या पंडितांचं मत कळवतो: कोळी जसं आपल्या पोटातून जाळं काढतो आणि परत गिळतो, तसा देव जग काढतो आणि आत घेतो. उपनिषदातली ऊर्णनाभी ती हीच. तीस वर्षांनी पिएर बेल या फ्रेंच लेखकाने आपल्या कोशात स्पिनोझावर लिहिताना बर्निएचा हाच मजकूर वापरला, स्पिनोझाचं मत काही नवं नाही हे दाखवायला.

बेलने त्याच लेखात स्पिनोझाची जी टर उडवली ती अजून ताजी आहे. सगळं देवच असेल, तर जर्मनांनी दहा हजार तुर्क मारले असं म्हणणं चूक. जर्मन झालेल्या देवाने दहा हजार तुर्क झालेल्या देवाला मारलं, असं म्हणायला हवं.

मालब्रांशचं नाव ऐकलं होतं, तो कुठे बसतो?

मधे, आणि अवघडून. मालब्रांश (१६३८–१७१५) हा कॅथलिक धर्मगुरू आणि देकार्तचा अनुयायी. त्याच्या मते आपल्याला वस्तू थेट दिसत नाहीत, आपण देवाच्या ठिकाणी असलेल्या कल्पना पाहतो. म्हणून देवात 'बुद्धिगम्य विस्तार' आहे, विस्ताराची मूळ कल्पना. प्रत्यक्ष विस्तार मात्र देवाने निर्माण केलेला, देवाबाहेरचा. आराखडा वास्तुविशारदाच्या डोक्यात, भिंती डोक्याबाहेर. आयुष्याच्या शेवटी, १७१३-१४मध्ये, मेराँ नावाच्या तरुण गणितज्ञाने त्याला पत्रांतून गाठलं: स्पिनोझाचं चुकतं कुठे, ते दाखवा, मला तर तुमच्यात आणि त्याच्यात फरक दिसत नाही. मालब्रांशची उत्तरं वाचताना घाम फुटलेला जाणवतो.

हे सगळं पुस्तकी भांडण, की कोणाला झळही बसली?

चांगलीच बसली. १६४२मध्ये उत्रेख्त विद्यापीठाने देकार्तच्या नव्या तत्त्वज्ञानाचा निषेध केला. १६६३मध्ये त्याचे ग्रंथ रोमच्या निषिद्ध यादीत गेले, "दुरुस्ती होईपर्यंत" असा शेरा मारून. विस्ताराची व्याख्या तिथे थेट वेदीवर जाऊन आदळत होती. वसई-गोव्याच्या ख्रिस्ती वाचकांना मिस्सामधला (चर्चमधल्या उपासनेतला) भाकरीच्या अर्पणाचा क्षण वेगळा सांगायला नको. कॅथलिक शिकवण अशी की भाकरीचं द्रव्य बदलून ख्रिस्ताचं शरीर होतं आणि रंग, चव, आकार तसेच राहतात. पण भाकरीचं सार तिचा विस्तारच असेल आणि तो जर तसाच राहिला, तर बदललं काय?

स्पिनोझाला २७ जुलै १६५६ला ॲम्स्टरडॅमच्या ज्यू समाजाने बहिष्कृत केलं तेव्हा तो २३ वर्षांचा होता. आदेशात "घोर पाखंड" म्हटलंय, ते कोणतं हे सांगितलेलं नाही. त्याच्या ओळखीच्या वर्तुळातला आड्रियान कूरबाख १६६८मध्ये आपल्या लिखाणापायी तुरुंगात गेला आणि पुढच्या वर्षी कैदेतच मेला. १६७५मध्ये 'एथिक्स' छापायला निघालेला स्पिनोझा आपल्याविरुद्धची चर्चा ऐकून थांबला, यात भित्रेपणा शोधू नये.

न्यूटनचा यात काय संबंध? तो तर शास्त्रज्ञ.

न्यूटन ग्रँथमच्या शाळेत शिकला. हेन्री मोर मूळचा ग्रँथमचाच. नंतर दोघेही केंब्रिजमध्ये. न्यूटनच्या एका अप्रकाशित लॅटिन टिपणात (ते छापलं गेलं १९६२मध्ये) तो देकार्तवर तुटून पडतो. अवकाश हे द्रव्यही नाही आणि गुणही नाही. देव आहे म्हणून अवकाश आहे, जे जे काही आहे ते कुठेतरी असतंच. मग जड म्हणजे काय? समजा, देवाने ठरवलं की अवकाशाच्या या एवढ्या भागात काही शिरू शकणार नाही, आणि हा न शिरू देण्याचा गुण नियमाने एका जागेवरून दुसरीकडे सरकवला. आपल्याला त्यात आणि दगडात काय फरक कळणार आहे?

'प्रिन्सिपिया' १६८७चं, त्याच्या १७१३च्या दुसऱ्या आवृत्तीच्या शेवटी न्यूटनने एक टिपण जोडलं. देव केवळ शक्तीने नव्हे, द्रव्यानेही सर्वत्र आहे, कारण द्रव्याशिवाय शक्ती राहू शकत नाही. हे देकार्तने मोरला दिलेल्या उत्तराचं खंडन आहे, चौसष्ट वर्षं उशिरा आलेलं. सोबत खबरदारीही घेतली: देव म्हणजे अवकाश नव्हे, तो अवकाशभर हजर असतो.

लाइबनिझ आणि क्लार्क यांचं भांडण काय होतं?

१७१५च्या नोव्हेंबरात लाइबनिझने वेल्सची युवराज्ञी कॅरोलाइन हिला पत्र लिहिलं: इंग्लंडात धर्म खालावतोय, न्यूटन तर म्हणतो की अवकाश हे देवाचं इंद्रिय आहे. 'ऑप्टिक्स'च्या १७०६च्या लॅटिन आवृत्तीत न्यूटनने अवकाशाला देवाचं 'जणू संवेदनास्थान' म्हटलं होतं. 'जणू' हा शब्द काही प्रतींत होता, काहींत नव्हता! न्यूटनच्या बाजूने सॅम्युएल क्लार्क या इंग्लिश धर्मगुरूने उत्तर दिलं. कॅरोलाइनच्या हातून दोघांची पाच-पाच पत्रं झाली, आणि १४ नोव्हेंबर १७१६ला लाइबनिझच्या मृत्यूने ती थांबली.

लाइबनिझ म्हणतो, अवकाशाला भाग आहेत. ते देवाचा गुणधर्म असेल तर देवालाही भाग पडले. क्लार्क म्हणतो, अवकाशाचे भाग कल्पनेत पडतात, एक वीतभर जागा उपटून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून ते तुकडे नव्हेत. बघा, पुन्हा तीच खूण. लाइबनिझचा खरा घाव वेगळाच आहे. अवकाश स्वतंत्र आणि सगळीकडे सारखं असेल, तर देवाने हे जग इथेच का ठेवलं, दहा कोस पूर्वेला का नाही? कारण सापडत नाही, आणि देव विनाकारण काही करत नाही. म्हणून अवकाश ही वस्तूच नव्हे. एकाच वेळी असलेल्या गोष्टींची आपसांतली रचना म्हणजे अवकाश. क्लार्कचं उत्तर एवढंच: देवाची इच्छा हे कारण पुरेसं आहे. मला ते कधीच पुरेसं वाटलेलं नाही.

याच तर्काने दोन गोष्टी हुबेहूब सारख्या असूच शकत नाहीत, कारण मग एक इथे आणि दुसरी तिथे ठेवायला देवाला कारण उरणार नाही. चौथ्या पत्रात लाइबनिझ यावर एक आठवण सांगतो. जर्मनीत हॅनोवरच्या हेरेनहाउझेन राजवाड्याच्या बागेत, राजकन्या सोफियासमोर, एक हुशार गृहस्थ म्हणाले की हुबेहूब सारखी दोन पानं मी शोधून दाखवतो. सोफिया म्हणाली, दाखवाच. ते गृहस्थ बागभर धावले, पानं उलटसुलट करत राहिले. मिळाली नाहीत.

विस्ताराबद्दल लाइबनिझचं मत वेगळं सांगायला हवं. विस्तार हे कशाचंच सार असू शकत नाही, कारण विस्तार म्हटलं की कशाचा तरी असतो. दुधात पांढरेपणा पसरलेला असतो, हिऱ्यात कठीणपणा. नुसतं 'पसरणं' कोणी पाहिलंय? मुळाशी असलेली द्रव्यं बिनविस्ताराची, आत्म्यासारखी, शक्तीची केंद्रं आहेत.

लॉक आणि हिंदुस्थानी पंडिताची ती गोष्ट खरी का?

पंडित खरा होता का ते सोडा. गोष्ट इंग्लिश तत्त्वज्ञ लॉकच्या १६९०च्या ग्रंथात आहे. पृथ्वी हत्तीवर, हत्ती कासवावर, आणि कासव? तर "काहीतरी, माहीत नाही काय". (शेषनागाला वगळलं, हे आपल्याला खटकणारच.) हसू पंडिताचं आलं तरी नेम युरोपातल्या पंडितांवर आहे. रिकामा अवकाश द्रव्य की गुण, असं विचाराल तर लॉक म्हणतो: मला माहीत नाही, आणि द्रव्य म्हणजे काय ते तुम्ही स्पष्ट सांगेपर्यंत मला माझ्या अज्ञानाची लाजही वाटणार नाही. देव, आत्मा आणि जड या तिघांनाही तुम्ही एकाच अर्थाने द्रव्य म्हणता का, हा त्याचा चिमटा मोठमोठ्या ग्रंथांना लागू पडतो.

बर्कलीने हे सगळं एका फटक्यात संपवलं, असं म्हणतात ते काय?

बर्कली हा आयरिश तत्त्वज्ञ. १७१०च्या ग्रंथात तो म्हणतो, मनाबाहेर खरा अवकाश मानलात की दोनच वाटा उरतात: अवकाश हाच देव म्हणा, नाहीतर देवाखेरीज आणखी काहीतरी अनादि, अनंत, अखंड, अविकारी आहे हे कबूल करा. दोन्ही घातक. म्हणून मनाबाहेर विस्तारच मानू नका. मेणाचा वास जसा अनुभवात, तशी त्याची लांबीही अनुभवातच. कोंडी सुटते खरी, पण त्यासाठी जडच गमवावं लागतं. सगळ्यांना ही किंमत परवडली नाही.

शेवटी निकाल कोणाच्या बाजूने लागला?

कोणाच्याच नाही, प्रश्न बाजूला सरकला. जर्मन तत्त्वज्ञ कांट 'शुद्ध बुद्धीची मीमांसा' या ग्रंथात म्हणाला, अवकाश ही वस्तूंची अवस्था नसून आपल्या पाहण्याची रीत आहे. त्या ग्रंथाच्या १७८७च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने यात देवाचाही मुद्दा घातला: अवकाश ही सर्व अस्तित्वाचीच अट मानली, तर ती देवाच्या अस्तित्वाचीही अट होऊन बसेल.

मूळ वाचायचं तर सुरुवात कुठून?

स्पिनोझाने सुरू करू नका, दमाल. देकार्त आणि मोरची पत्रं आधी वाचा. ती छोटी आहेत, आणि दोघे एकमेकांशी आदराने भांडतात. मोरने २३ जुलै १६४९ला आणखी प्रश्न पाठवले. देकार्तने ऑगस्टमध्ये उत्तर लिहायला घेतलं, मग स्वीडनच्या राणीच्या बोलावण्यावरून स्टॉकहोमला गेला, आणि ११ फेब्रुवारी १६५०ला तिथेच वारला. त्याच्या कागदांत त्या उत्तराचा मसुदा निघाला, तो पुढे छापला गेला. अर्धवटच आहे.